बिनबापाचे चिरंजीव

विज्ञानाला अज्ञात असलेला प्राणी शोधायला लोक जंगलात जातात, बुटांत जळवा घेऊन परत येतात आणि मग त्यांचे फोटो छापून येतात. आमच्याकडे तो गॅलरीतल्या लिंबाच्या कुंडीत सापडला, आणि सापडला तेव्हा मी शेजारीच आरामखुर्चीत पेपर वाचत होतो. म्हणजे शोधाच्या जागी मी जातीनं हजर होतो. हा मुद्दा पुढे कुणीच लक्षात घेतला नाही, म्हणून आधीच नोंदवून ठेवतो.

शोध लावला आमच्या हिनं. ही शाळेत जीवशास्त्र शिकवायची आणि मी वर्तमानपत्रात विनोदी सदर लिहायचो. दोघंही निवृत्त झालो. मी लिहायचा थांबलो. ती शिकवायची थांबली नाही. समोर वर्ग उरला नव्हता, म्हणून तिनं मला घेतलं.

लिंबाच्या झाडावर फुलपाखराचे सुरवंट होतात. लहान असताना ते हुबेहूब पाखराच्या शिटेसारखे दिसतात, त्यामुळे त्यांच्या वाटेला कुणी जात नाही. सुरक्षित राहण्याचा हा मार्ग मला नेहमीच आदरणीय वाटत आलाय. आमच्या कचेरीत दोघेतिघे याच मार्गानं थेट बढतीपर्यंत पोचले होते. असा एक सुरवंट हिनं फुलपाखरू बघायला म्हणून बरणीत ठेवला. त्यानं खाणं सोडलं, मलूल झाला, आणि एका सकाळी त्याच्या कुशीला तांदळाच्या दाण्याएवढा पांढराशुभ्र कोश चिकटलेला दिसला. पुढे त्या कोशातून काही फुलपाखरू निघालं नाही. तिळाएवढं, काळं, मधाच्या रंगाच्या पायांचं काहीतरी निघालं आणि बरणीत येरझारा घालू लागलं.

"अहो, इकडे या. हळू. आणि श्वास सोडू नका."

"काय आहे?"

"गांधीलमाशी."

मी श्वासासकट मागे सरलो.

"घाबरू नका. ही माणसाला चावत नाही. हिची आई सुरवंटाच्या पोटात अंडं घालते. अळी आतल्या आत त्याला खाऊन मोठी होते. पण कशी खाते माहितीये? हृदय, मेंदू शेवटपर्यंत शाबूत ठेवते. तो चालता-फिरता राहिला पाहिजे ना!"

हे सगळं तिनं एखाद्या हुशार भाचीचं कौतुक सांगावं तशा आवाजात सांगितलं. घर न पाडता घर खाणारा भाडेकरू मी प्रथमच बघत होतो, आणि खरं सांगतो, टोपी असती तर काढली असती.

मग शाळेनं मोडीत काढलेलं सूक्ष्मदर्शक टेबलावर आलं आणि आम्ही जमिनीवर बसून जेवू लागलो. कीटक ओळखायच्या पुस्तकांची तऱ्हा अशी, की ती एकेक प्रश्न विचारतात. पंखावर अमुक शीर आहे का? असेल तर या पानावर जा, नसेल तर त्या. असं जात जात तुम्ही नावापाशी पोचता. ही जात जात अशा ठिकाणी पोचली, की 'आहे' म्हटलं तरी चूक आणि 'नाही' म्हटलं तरी चूक. तिनं पुस्तक मिटलं, चष्मा कपाळावर ढकलला आणि म्हणाली, "मला माहीत नाही."

एवढ्या वर्षांच्या संसारात हे तीन शब्द मी तिच्या तोंडून प्रथमच ऐकले. त्यांत एवढा आनंद असू शकतो, याची मला कल्पना नव्हती.

संग्रहालयात कीटकांचे एक डॉक्टर होते. फोटो बघून ते स्वतःच आले. जिन्यातच त्यांना वरच्या मजल्यावरच्या मावशींनी गाठलं आणि गुडघा दाखवला. "मी किड्यांचा डॉक्टर आहे," असं ते म्हणाले, तर मावशी म्हणाल्या, "त्यांनाही सहा-सहा गुडघे असतातच की!" तिथून सुटून त्यांनी आमच्या सूक्ष्मदर्शकाला जो डोळा लावला, तो चहाचं थंडगार पाणी होईपर्यंत काढलाच नाही.

"बाई," शेवटी ते म्हणाले, "ही नवी जात आहे असं मला वाटतंय. पण एकाच मादीवर उगाच घाई नको. या गटात नर बघितल्याशिवाय शंका राहते. नर पाहिजे."

"आणि नाही मिळाला तर?"

"लिंबावरचा सुरवंटांचा हंगाम संपत आलाय. मग पुढच्या वर्षी बघू. मधल्या काळात दुसऱ्या कुणी हिचं वर्णन छापलं, तर अर्थात ती त्यांची."

हिचा चेहरा उतरला. हिनं पिढ्यान्‌पिढ्या मुलांना दुसऱ्यांनी लावलेले शोध शिकवले, आकृत्या काढून घेतल्या, नावांची स्पेलिंगं पाठ करून घेतली. आता आयुष्यात एकदाच एक जीव तिच्या बरणीत आला होता, ज्याच्याबद्दल जगात कुणीही तिच्याआधी एक ओळ लिहिली नव्हती. शिवाय आमच्या वयात 'पुढच्या वर्षी' हा शब्द जरा जपूनच वापरावा लागतो.

"नर हीच देईल," ही एकदम म्हणाली.

डॉक्टरांनी मान वर केली. गुडघ्याचा विषय अपुरा राहिल्यामुळे मागोमाग आलेल्या मावशींनीही केली.

"ही बरणीतच जन्मली, हिनं नर पाहिलेला नाही. गांधीलमाशीची अंडी फळली नाहीत तरी त्यांतून पिल्लं होतात. आणि ते सगळे मुलगे असतात."

"नवऱ्याशिवाय?" मावशी.

"नवऱ्याशिवाय."

मावशींनी वळून माझ्याकडे पाहिलं, जुनं सामान काढायच्या दिवशी कपाटाकडे पाहतात तसं. "मग नवरा लागतो तरी कशाला?"

"मुलींसाठी. नवरा असेल तरच मुली होतात."

आम्हाला एक मुलगी आहे. मी खुर्चीत थोडा ताठ बसलो.

डॉक्टर मात्र घाबरले. "बाई, हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागू नका. हा एकच नमुना आहे. आत्ताच जपून ठेवा. झाकण उघडताना उडून गेली, तर मादीही गेली आणि जातही गेली."

"थोडे दिवस जगू दे तिला," ही म्हणाली. शाळेत याच आवाजाला मुख्याध्यापकसुद्धा उठून उभे राहत.

बातमी जिन्यानं खाली उतरता उतरता वाढत गेली. वरून 'एक छोटी गांधीलमाशी' निघाली, ती तळमजल्यावर 'पोळं' होऊन पोचली. सोसायटीच्या चेअरमननी लगेच औषधफवारणीचा फलक लावला आणि जिन्याखाली बैठक बोलावली. एकानं धूर करायला सांगितला. एकाच्या चुलतभावाचं तोंड गांधीलमाशी चावून भोपळ्याएवढं झालं होतं आणि अजून पूर्ण उतरलं नव्हतं, असं त्यानं सांगितलं. एकानं तर आम्हालाच काही दिवस दुसरीकडे राहायचा सल्ला दिला.

आमचे चेअरमन पूर्वी कुठल्याशा खात्यात अधिकारी होते. कुठलीही गोष्ट नाकारण्यापूर्वी ते तिची प्रत मागतात.

"शोध लावण्यापूर्वी तुम्ही सोसायटीची परवानगी घेतली होती का?" त्यांनी विचारलं.

"लागण्यापूर्वी?" ही म्हणाली.

"अर्थात. लागल्यावर परवानगीचा काय उपयोग?"

हिनं बरणी आणि भिंग त्यांच्या हातात दिलं. चेअरमननी बरणी उजेडात धरली. "कुठंय?"

"ती काय, कडेला."

"ही? अहो, माझ्या पावावर याहून मोठे तीळ असतात!" मग भिंगातून बघत राहिले. बघता बघता त्यांचं तोंड किंचित उघडलं. "पंख काय सुंदर आहेत हो. नाव काय म्हणालात?"

"नाव नाही अजून. ते मला द्यायचंय."

"म्हणजे... कुणाचंही देता येतं?"

फलक संध्याकाळच्या आत उतरला. फवारणी 'अपरिहार्य कारणास्तव' पुढे ढकलली गेली, आणि त्या अपरिहार्य कारणाला चेअरमन रोज सकाळी भेटायला येऊ लागले.

आता सुरवंट हवे होते. इमारतीतल्या प्रत्येक लिंबाच्या कुंडीला मी हात जोडले. आयुष्यभर ज्यानं मोठमोठ्यांना नावं ठेवली, तो माणूस आता दारोदार "तुमच्याकडे पाखराची शीट आहे का?" असं विचारत हिंडत होता. मावशींचं लिंबाचं झाड सगळ्यांत मोठं. त्यांनी सुरवंट दिले, पण अट घातली.

"त्या बिचाऱ्यांना काही त्रास होणार नाही ना?"

"छे, छे," मी म्हणालो. "वरून काहीच कळत नाही."

त्या दुपारी जे पाहिलं त्याला मी नाटक म्हणतो. आम्ही भिंगातून बघत होतो. ती तिळाएवढी बाई पानावर उतरली. शिंगं थरथरवत पान चाचपलं, मग सुरवंट चाचपला, जशी अनुभवी सुईण पोट चाचपते. सुरवंटानं मान उगारली तर ती जरा मागे झाली, थांबली. घाई नाही, राग नाही. मग पोट वळवून एक टोचा, आणि झालं. डोळ्याचं पातं लवेपर्यंत. आणि लगेच पंख साफ करायला बसली. जन्मल्यापासून तिला कुणी शिकवलेलं नाही, आई दिसलेली नाही, दुसरी गांधीलमाशी बघितलेली नाही. मला अजून गॅस पेटवताना दोन काड्या लागतात.

एकामागून एक सगळ्या सुरवंटांवर तिनं हात फिरवला. मग हिनं तिला मधाच्या पाण्याचं बोट दाखवलं, ती पोटभर प्याली, आणि दुसऱ्या दिवशी नमुना नीट राहावा म्हणून हिनंच तिला बर्फाच्या कप्प्यात ठेवलं. ती झोपून गेली, मग कायमची. "काम करून गेली," ही म्हणाली. आम्ही दोघं फ्रीजचं दार धरून थोडा वेळ उभे राहिलो. त्यात काही विनोदी नव्हतं.

सुरवंट लिंबाची पानं खात होते, आणि आत त्यांना कुणी खात होतं. आणि नेमकं कोश निघायच्या सुमाराला माझ्या मेहुण्याचं गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं. जाणं भाग होतं. बरण्या मावशींकडे ठेवल्या. हिनं चार चार वेळा बजावलं: पानं ताजी द्या, झाकण नीट लावा, कशालाही हात लावू नका.

परत आलो तर मावशी दारातच हसतमुखानं उभ्या. "सगळे सुखरूप आहेत हो बाई! मधे सगळ्यांना काहीतरी झालं होतं. अंगाला पांढरे पांढरे गळूसारखे चिकटले होते, मलूल झाले होते बिचारे. मी काढून टाकले!"

हिनं भिंतीला हात टेकला. "हात नका लावू म्हटलं होतं मी."

"हात नाहीच लावला. भुवयांचा चिमटा होता ना!"

"आणि ते... पांढरे?"

"कापसात गुंडाळून टाकले कचऱ्यात. संसर्ग नको म्हणून." मग हिच्या चेहऱ्याकडे बघून मावशींचं हसू विरलं. "का गं? त्यांचं दुखणंच होतं ना ते?"

ही खाली बसली. रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसतीच म्हणाली, "मावशी, तेच मुलगे होते."

आता मावशींचा चेहरा असा झाला, जणू त्यांनी स्वतःच्याच नातवंडांना जिन्यात ढकललं असावं. त्या मटकन बसल्या आणि रडू लागल्या. दोघींच्या मध्ये मी उभा. माझ्या चाळीस वर्षांच्या व्यवसायात या प्रसंगाला लागू पडेल असं एकही वाक्य मी लिहिलेलं नव्हतं. तेवढ्यात खालून कचऱ्याच्या गाडीचा भोंगा ऐकू आला.

मी धावलो. या वयात मी धावलो हे पुढे दोन मजल्यांवर कुणालाच खरं वाटलं नाही. पण माझ्या आधी चेअरमन धावले होते. वरचं सगळं त्यांनी जिन्यात उभं राहून ऐकलं होतं. ते गाडीपुढे दोन्ही हात पसरून उभे राहिले.

"गाडी हलणार नाही!"

"काय हरवलंय साहेब? अंगठी?" ड्रायव्हरनं विचारलं.

"गांधीलमाशीची मुलं."

ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. अशा माणसाशी वाद घालू नये एवढं त्याला कळत होतं.

मग अख्खी इमारत अंगणात उतरली. जुने पेपर अंथरले, डबे उलटे केले, आणि जे लोक बैठकीत कधी एका ओळीत बसत नाहीत, ते एकमेकांच्या शिळ्या कचऱ्यात शेजारी शेजारी गुडघे टेकून बसले. धूर करायला सांगणारे गृहस्थ नाकाला रुमाल बांधून चहाची पत्ती चाळत होते. "सापडलं!" अशी हाक उठायची आणि ही भिंग घेऊन धावायची. सापडायचा तो तांदूळ. मग पुन्हा तांदूळ. मग मेणबत्तीचा थेंब, औषधाची अर्धी गोळी, आणि एकदा कुणाच्या तरी दाताचा तुकडा, जो ज्याचा होता त्यानं तातडीनं खिशात घातला. आपल्याकडे किती भात वाया जातो, यावर एका काकूंनी थोडक्यात व्याख्यान दिलं. मावशी डोळे पुसत प्रत्येक कापसाचा बोळा उलगडत होत्या.

अखेर कापूस मिळाला तो त्यांनाच. चिकटपट्टीत गुंडाळलेला, अगदी औषधाच्या पुडीसारखा नीटस. संसर्गाच्या भीतीनं इतका नीट गुंडाळला होता म्हणूनच वाचला. हिनं तो उघडला. बहुतेक कोश चिमट्याच्या प्रेमळ दाबानं चपटे झाले होते. पण तिघे शाबूत होते.

पुढचे दिवस ते तीन कोश आमच्या टेबलावर आणि आम्ही त्यांच्याभोवती. चेअरमन आपली खुर्चीच घेऊन आले. एक कोश तसाच राहिला. दुसऱ्याचं टोक एका सकाळी डब्याच्या झाकणासारखं गोल उघडलं. आतून आधी दोन शिंगं बाहेर आली, आईच्यापेक्षा बरीच लांब, नंतर बाकीचा मालक. त्याच्यामागोमाग तिसरा.

"नर," ही म्हणाली. एवढंच. आणि मग, निवृत्तीच्या दिवशीही जी रडली नव्हती, ती चेअरमनांच्या देखत रडली. मावशींनी तिला जवळ घेतलं. कोण कुणाचं सांत्वन करतंय हे काही कळलं नाही.

मग वर्णन लिहायचं होतं. मी जन्मभर विशेषणांवर पोट भरलं, म्हणून मदतीला बसलो. तिनं एकेक केस मोजून आकृत्या काढल्या होत्या. पाठीवरचे खळगे दाट; मागच्या मांड्यांची टोकं काळी; पंख पारदर्शक, कडेला धुरकट. वाचताना ती गांधीलमाशी डोळ्यांसमोर उभी राहत होती, आणि त्यात एकही शब्द जास्तीचा नव्हता. मी एका ठिकाणी 'डौलदार' सुचवलं.

"डौल मोजता येतो का?" ती म्हणाली.

मी सुचवणं थांबवलं. खोटं कशाला बोलू, इतकं चांगलं गद्य मला कधीच जमलं नाही.

मूळ नमुने संग्रहालयात जमा करायचे असतात. ती पेटी तान्ह्या बाळासारखी मांडीवर घेऊन मी पार्सल कचेरीत गेलो.

"आत काय आहे?" खिडकीतल्या माणसानं विचारलं.

"गांधीलमाशी. आणि तिचे दोन मुलगे."

"जिवंत?"

"नाही."

"तिघंही?" त्याचा आवाज खाली आला. "आणि वडील?"

"ते नव्हतेच."

त्यानं क्षणभर नजर खाली केली. "तुम्ही त्यांचे कोण?"

मी बरीच वर्षं सहीनं ओळखला जाणारा माणूस. रस्त्यात लोक थांबवून हात मिळवायचे. पण त्या खिडकीपुढे मला दुसरं काही सांगता येईना. "मी... बाईंचा नवरा," मी म्हणालो. त्यानं 'नाजूक' असा शिक्का तीनदा मारला.

शोधनिबंध स्वीकारला गेल्याचं डॉक्टरांनी कळवलं. आता फक्त नाव कायम करायचं राहिलं होतं. चेअरमननी आपल्या नावाचं लॅटिन रूप कसं होईल याची सहज म्हणून चौकशी केली. मावशी म्हणाल्या, "माझं नको गं बाई, मी तिची पोरं कचऱ्यात टाकली." मी काहीच बोललो नाही. फक्त जेवताना दोनदा म्हणालो, की माझं नाव लिहायला अगदी सुटसुटीत आहे.

तिनं नाव दिलं 'स्वयंसिद्धा'. कुणाचाही हात न धरता जी आपलं काम पुरं करते ती.

चेअरमननाही ते पटलं. मलाही पटलं. पण रात्रीच्या जेवणानंतर ती पुस्तकं कपाटात लावत असताना मला राहवेना. "माझं नाव तुझ्या मनात एकदाही आलं नाही?"

"सगळ्यात आधी तेच आलं होतं."

"मग?"

ती पुस्तकं लावता लावता, माझ्याकडे न बघताच बोलली. "ही नावं कायमची नसतात अहो. उद्या कुणीतरी दाखवून देतं, की ही जात आधीच कुणाला सापडली होती, आणि मी दिलेलं नाव रद्द. जुन्या पुस्तकांत बघा, किती नावांवर काट मारलेली असते. तुमच्या नावावर काट बसलेली मला चालायची नाही."

मी उठून गॅलरीत गेलो आणि लिंबाला पाणी घातलं. सकाळी घातलं होतं, पण पुन्हा घातलं.